कोऱ्या चहातली खिडकी

शोरूममध्ये डोळ्यांत भरलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून फोटो काढला, की साबणाच्या वडीसारखी का दिसते? फोन चांगला आहे, गाडी कोरी आहे, ऊन लख्ख आहे. मग बिघडतं कुठे?

याचं उत्तर कॅमेऱ्याच्या दुकानापेक्षा डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात लवकर मिळतं. ठोकून सरळ केलेलं दार तिथला कारागीर कसं तपासतो ते एकदा बघा. तो दारासमोर उभा राहत नाही. गाडीच्या कडेला उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो आणि पत्र्याच्या रेषेत नजर लावतो. खरं तर तो दार बघतच नसतो, दारात उमटलेली छताची ट्यूबलाइट बघत असतो. ट्यूब सलग दिसली तर काम झालं. मध्येच लचकली तर तिथे अजून खड्डा आहे. नव्या गाड्या रेखाटणारे डिझायनरही संगणकावर पत्र्यावर झेब्र्यासारखे पट्टे पाडून हेच करतात.

गाडीचा फोटो काढायला शिकायचं म्हणजे आधी असं बघायला शिकायचं. कॅमेऱ्याची बटणं नंतर येतात.

१. डब्यावरची पट्टी

घासलेला स्टीलचा डबा खिडकीजवळच्या ओट्यावर ठेवा. त्याच्या गोल अंगावर खिडकीची उभी पांढरी पट्टी दिसेल. डबा गोल आहे हे डोळ्याला सांगते ती ही पट्टीच. आता डबा आणि खिडकी यांच्या मध्ये एक काळा पुठ्ठा धरा. पट्टी विझते आणि डबा चपटा, मळकट वाटू लागतो. पुठ्ठा काढून दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरा, तिकडे एक मऊ, फिकट पट्टी उमटते. कागद हलवला की पट्टीही सरकते. डब्याला यातलं काहीच झालेलं नाही, बदललं ते त्याच्या भोवतालचं.

भिंत आपल्यावर पडलेला प्रकाश चहूकडे उधळते, म्हणून ती कुठूनही बघितली तरी सारखीच दिसते. आरसा मात्र प्रकाश ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे परतवतो. शाळेत पाठ केलेला हा नियम इथे कामाला येतो. गाडीचा पत्रा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करतो. रंगाचा थर भिंतीसारखा वागतो, आणि त्याच्यावर मारलेला पारदर्शक थर, गॅरेजवाल्यांचा ‘क्लिअर कोट’, आरशासारखा.

हा आरसा सपाटही नाही. दाराचा वरचा भाग किंचित आभाळाकडे कललेला असतो, तर खालचा भाग आत वळून जमिनीकडे बघतो. म्हणून वरच्या भागात आभाळ दिसतं, खालच्या भागात रस्ता, आणि मधोमध कुठेतरी क्षितिज. दारावर आडवी धावणारी ती उजेड-काळोखाची सीमारेषा स्वच्छ असली तर गाडी रेखीव दिसते. तिथे शेजारच्या स्कूटरी, कचऱ्याचा डबा आणि वॉचमनची खुर्ची आली तर गाडी साबणाची वडी होते.

२. दूध आणि कोरा चहा

एका कपात दूध आणि दुसऱ्यात कोरा चहा घ्या आणि दोन्ही खिडकीशी ठेवा. चहात खिडकीचे गज मोजता येतील, दुधात खिडकी जवळपास दिसणारच नाही. दोघांचा पृष्ठभाग सारखाच चकाकतो, पण दुधाच्या स्वतःच्या पांढरेपणात ती चकाकी बुडून जाते. चहाकडे स्वतःचं असं फारसं काही परतवायला नसतं, म्हणून तिथे फक्त खिडकी उरते.

पांढरी गाडी म्हणजे दूध आणि काळी गाडी म्हणजे कोरा चहा. काळ्या गाडीचा फोटो हा बऱ्याच अंशी तिच्या भोवतालाचाच फोटो असतो. जागा चांगली मिळाली तर तिच्याइतकी देखणी गाडी नाही, नाहीतर तिच्याइतकी निर्दयही नाही. पांढऱ्या गाडीला भोवतालाचं भय कमी, पण आभाळही पांढरं असेल तर तिच्या टपाची कड त्यात विरघळून जाते. तिला मागे काहीतरी गडद द्या: हिरवी टेकडी, जांभ्याची भिंत, ओलं डांबर. नवशिक्याने सुरुवात चंदेरी किंवा राखाडी गाडीवर करावी असं माझं मत आहे. त्या रंगात धातूचे बारीक कण असतात, आणि पत्रा वळला की ते उजळ-मंद होतात. त्यामुळे आकार न मागता मिळतो. लाल रंग उन्हात फोनला झेपत नाही. सगळा बॉनेट एकसारखा लालेलाल होऊन त्यावरच्या घड्या नाहीशा होतात, तेव्हा लाल गाडी सावलीतच काढा.

याच कपांवरून आणखी एक गोष्ट समजते. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते माहीत नसतं. जे दिसेल ते सरासरी राखाडी असणार, असं धरून तो उजेड ठरवतो. म्हणून पांढरी गाडी चौकटभर घेतली तर तो ती मळकट करतो आणि काळी घेतली तर राखेसारखी फिकट. फोनमध्ये गाडीवर बोट टेकवलं की शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं. पांढऱ्या गाडीसाठी ते जरा वर सरकवा, काळीसाठी खाली. मला हे उलटं वाटायचं, काळ्या गाडीला जास्त उजेड द्यायला नको का? नको. काळं काळंच राहिलं पाहिजे.

३. ऊन नको, आभाळ हवं

‘ऊन छान पडलंय, चला फोटो काढू’ हे वाक्य माणसांच्या फोटोसाठी वाईट आणि गाडीच्या फोटोसाठी त्याहून वाईट. आभाळात सूर्य फक्त अर्धा अंश जागा व्यापतो. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या निम्म्या रुंदीइतकीच. एवढा लहान आणि एवढा प्रखर दिवा फुगीर आरशात बघितला, तर एक डोळे दिपवणारा ठिपका दिसतो आणि बाकी सगळं अंधारात जातं. शिवाय दुपारी चाकांच्या कमानीखाली काळीकुट्ट सावली पडते, आणि धुताना फडक्याने पडलेले गोल ओरखडे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे उठून दिसतात.

स्टुडिओत गाडीच्या डोक्यावर गाडीहून मोठा पांढरा कापडी दिवा टांगतात, म्हणजे टपावर आणि बॉनेटवर एकच रुंद, मऊ पट्टी उमटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा दिवा फुकट टांगलेला असतो. ढगाळ आभाळ म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेला एकच दिवा. पाऊस दोन सरींच्या मध्ये थांबतो तेव्हाची पंधरा मिनिटं तर सोन्याची. डांबर ओलं असतं, म्हणजे रस्ताही कोरा चहा झालेला असतो, आणि हेडलाइट लावले तर त्यांची शेपूट रस्त्यावर लांबपर्यंत येते. ताम्हिणी किंवा आंबोलीला जाणारे फक्त धबधबे टिपून परततात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पावसाळा नसेल तर दिवस उतरेपर्यंत थांबा. परदेशी व्हिडिओंमध्ये सोनेरी ‘तास’ सांगतात, आपल्याकडे तो तासभर टिकत नाही. सूर्य आपल्या अक्षांशावर जवळजवळ सरळ खाली बुडतो, युरोपात तिरपा घसरतो. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास पुण्यात सूर्य मावळल्यापासून २२-२३ मिनिटांत संधिप्रकाश ओसरू लागतो, तर लंडनमध्ये त्यालाच ३३ मिनिटांच्या आसपास लागतात. सूर्य क्षितिजाच्या हातभर वर असतानाचा पिवळा उजेडही तसाच घाईचा. तेव्हा जागा आणि कोन आधी ठरवून ठेवा. सूर्य मावळल्यावर शोधाशोध केलीत तर हाती फक्त डास लागतील.

४. तुमच्या पाठीमागे काय आहे?

गाडीच्या मागे काय येतंय हे सगळे बघतात. विजेचा खांब टपातून उगवल्यासारखा दिसू नये, एवढं कुणालाही कळतं. पण गाडीच्या फोटोत फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे काय आहे हे जास्त महत्त्वाचं, कारण दारात उमटतं ते तेच.

म्हणून जागा शोधताना आधी गाडीकडे पाठ करून उभे राहा. समोर उघडं माळरान, मोकळं मैदान, लांबच लांब कोरी भिंत किंवा पाण्याचा पसारा दिसला तर जागा चांगली. झाडांची रांग दिसली तर दारावर करवतीचे दात उमटणार. दुकानांच्या पाट्या दिसल्या तर त्या दारात उलट्या वाचता येणार. पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका मित्राच्या काळ्या गाडीचे मी चाळीसेक फोटो काढले होते. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत मागच्या दारावर एक पिवळा डाग. तो माझा रेनकोट होता. तेव्हापासून या कामाला निघताना मी गडद, साधे कपडे घालतो.

जागा मिळाली तरी काम संपत नाही. डेंटिंगवाल्यासारखं करा: फोन खिशात ठेवून गाडीभोवती एक फेरी मारा आणि दारावरच्या रेषेवर नजर ठेवा. अर्धं पाऊल डावीकडे गेलात तर रेषा सरकते, बसलात तर ती खाली उतरते. कधी तुम्ही हलण्यापेक्षा गाडीच दहा अंश वळवून घेणं सोपं पडतं, आणि एकदम पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत उजेडाची एकच रेघ ओढली जाते. ती दिसली की फोन बाहेर काढा.

काही जण यावर उपाय म्हणून भिंगापुढे पोलरायझर लावतात. ही फिरवता येणारी गडद काच असते. ती काचेवरची आणि रंगावरची चमक बऱ्यापैकी पुसते, त्यामुळे पुढच्या काचेतून आतलं स्टिअरिंग दिसू लागतं. पण पत्र्याशी नजर साधारण ३५ अंशांचा कोन करत असेल तेव्हाच ती खरी काम करते. गाडीचा प्रत्येक भाग वेगळ्या कोनात असल्यामुळे बॉनेट साधला तर दार सुटतं. क्रोमवर तिचं काही चालत नाही, आणि मागच्या टणक काचेवर कधी कधी ठिपक्यांची नक्षी उमटते. शिवाय सगळीच चमक पुसली तर डब्यापुढे काळा पुठ्ठा धरल्यासारखं होतं. नवशिक्याने हा खर्च एखादं वर्ष पुढे ढकलला तरी चालेल.

५. दहा पावलं मागे

जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, तसंच गाडीचंही होतं. कसं, ते आकड्यांत बघू. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या करसवलतीसाठी ४ मीटरच्या आत बसवलेल्या असतात, म्हणून लांबी ४ मीटर धरू. तुम्ही पुढच्या दिव्यापासून २ मीटरवर उभे राहिलात तर मागचा दिवा ६ मीटरवर असतो, तिप्पट लांब. म्हणजे तो तिसऱ्या हिश्श्याएवढाच दिसणार. बंपर फुगतो, डिकी आक्रसते आणि गाडीचं बेडूक होतं. आता १० मीटरवर जा. मागचा दिवा १४ मीटरवर असेल, फक्त दीडपटीच्या आत. गाडीचा बांधा जसा आहे तसा दिसतो.

हा दोष फोनच्या भिंगाचा आहे असं लोक मानतात, पण तो अंतराचा असतो. फोनचं मुख्य भिंग रुंद दृश्य घेतं, त्यामुळे गाडी चौकटीत लहान दिसते आणि आपण नकळत पुढे सरकत जातो. तसं न करता लांब राहा आणि दुप्पट किंवा तिप्पट झूम वापरा. १० मीटरवरून साध्या भिंगात आडवी गाडी चौकटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जागा घेते, दुप्पट झूमवर निम्म्याहून थोडी जास्त. म्हणून फोटो काढायला पार्किंग कामाचं नाही. तिथे मागे सरकलं की पाठ भिंतीला टेकते.

६. उकिडवे बसा

उभ्याने काढलेल्या फोटोत टपच जास्त दिसतो. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणा, गाडी लगेच ऐटीत उभी राहते. त्याहून खाली गेलात तर दांडगट दिसते. जीपसारख्या गाडीला ते शोभतं, छोट्या गाडीला सोंग वाटतं.

पुढच्या कोपऱ्यातून काढताना स्टिअरिंग तुमच्यापासून दूर वळवायला सांगा. म्हणजे चाकाची नक्षीदार तबकडी तुमच्याकडे येते. उलट वळवलं तर टायरची काळी कड समोर येते, आणि ती बघायला कुणालाच आवडत नाही. गाडी धुताना टायर आणि कमानीच्या आतला चिखलही काढा. नंबरप्लेट लोकांना दाखवायची नसेल तर फोटोत नंतर पुसट करा, वर कागद चिकटवू नका. तो फार केविलवाणा दिसतो.

७. चालती गाडी, थांबलेली चाकं

पळणारी गाडी फोटोत उभी का दिसते, हा पुढचा नेहमीचा प्रश्न. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. उन्हात फोन सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतो, तेवढ्यात गाडी जेमतेम १ सेंटिमीटर सरकते. ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक तेवढ्यात फक्त २ अंश फिरतं. साहजिकच सगळं गोठलेलं दिसतं. आता हाच वेळ १/५० सेकंद करा. गाडी २२ सेंटिमीटर जाते आणि चाक ४० अंशांहून जास्त फिरतं. चाकाचे आरे विरघळून वेग दिसू लागतो.

पण गाडीही विरघळेल, म्हणून कॅमेरा गाडीबरोबर फिरवावा लागतो. फलाटावरून सुटणाऱ्या लोकलच्या दारात ओळखीचा माणूस दिसला की मान कशी फिरते, तसा. पाय रोवून ठेवा, कंबरेतून वळा आणि पुढच्या दारावर नजर चिकटवा. फोटो घेतल्यावरही फिरणं थांबवू नका. तीस फोटोंत दोन चांगले आले तर दिवस सार्थकी लागला म्हणायचं. फोनमध्ये ‘प्रो’ मोडमध्ये हा वेळ बदलता येतो. भर उन्हात फोटो पांढरा पडतो, म्हणून हे कामही संध्याकाळचंच.

रस्ता कुठला निवडायचा याबद्दल मात्र मी कडक आहे. घाटातलं वळण नको, एक्स्प्रेसवेवर थांबायला मनाईच आहे, आणि समुद्राच्या वाळूवर गाडी घालण्याचा मोह आवरा. दर मोसमात कोकणात कुणाची ना कुणाची गाडी भरतीत रुतते, आणि तिचे फोटो भलतेच लोक काढतात.

झाक-आंरी लार्तिग हा फ्रेंच मुलगा विशीच्या आत असताना, १९१२ च्या सुमारास, मोटारींच्या शर्यतीत असाच गाडीमागे कॅमेरा फिरवत होता. त्याच्या कॅमेऱ्यात उजेडाची फट काचेवरून हळूहळू सरकायची. तेवढ्या वेळात गाडी पुढे गेली आणि कॅमेराही फिरला. फोटोत चाक अंड्यासारखं पुढे झुकलं आणि कडेचे प्रेक्षक मागे रेलले. तांत्रिकदृष्ट्या ती चूकच. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं काम मांडलं, आणि आज वेग म्हटला की अनेकांना त्याचं तेच तिरकं चाक आठवतं. तुमचा फोनही दृश्य एकेक ओळ करून वाचतो. तेव्हा वाकडं चाक आलं तर लगेच पुसू नका.

८. दसऱ्याची एक संध्याकाळ

ऑक्टोबरचा मध्य धरू. पुण्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. गाडी चंदेरी, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि जागा गावाबाहेरचं मोकळं मैदान. पाच वाजता तिथे पोचा आणि ओलं फडकं मारून धूळ काढा. हार राहू द्या. चंदेरी गाडीवर तेवढाच रंग आहे, आणि झेंडूची केशरी रांग बॉनेटमध्ये पुन्हा दिसते. हाराचे दोरे आरशांवरून लोंबत असतील तर तेवढे खोचून घ्या.

साडेपाचला गाडी अशी लावा, की तिची एक बाजू पश्चिमेला येईल. मग पश्चिमेकडे चालत जा आणि दहा-बारा मीटरवर थांबा. सूर्य वर असेपर्यंत तुमची सावली गाडीवर पडते का ते बघा, आणि फोटो न काढता रेषा शोधत राहा. सूर्य बुडाला की दारातला जळता ठिपका जातो आणि त्याच्या जागी सगळी पश्चिम पसरते, खाली नारिंगी, वर निळसर. आता काढा. पाचेक मिनिटांनी पार्किंग लाइट लावायला सांगा. दिवसा ते दिसत नाहीत, पूर्ण अंधारात त्यांच्याशिवाय काहीच दिसत नाही, पण या दहा मिनिटांत दिवा आणि आभाळ बरोबरीला असतात. मग पळत गाडीच्या पलीकडे जा, खाली बसा आणि उजळ आभाळापुढे टपाची नुसती कड काढा.

एवढ्यात घरची मंडळी येतात. काका बॉनेटवर कोपर टेकवून उभे राहतात, कुणीतरी छोट्याला टपावर बसवू बघतं, आणि ‘आमचाही एक काढ’ सुरू होतं. आता पुसलेल्या पत्र्याची काळजी सोडा, पुन्हा पश्चिमेच्या बाजूला या आणि तो फोटोही काढा. घरी गेल्यावर तो मोठा करून बघाल, तेव्हा काकांच्या पलीकडे, मागच्या दारात, उकिडवं बसलेलं एक काळं माणूस दिसेल. त्याच्या दोन्ही हातांत फोन असेल आणि डोक्यामागे अख्खं नारिंगी आभाळ.